सिंथेसायझरचे आवाज वाटताना त्यांची कृतीही द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकावरील संगीतनिर्मितीविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये, म्हणजे आवाज घडवणाऱ्या संगणकावरच्या वाद्यात, भरून येणाऱ्या तयार आवाजांमुळे, म्हणजे प्रीसेटमुळे, नव्या संगीतकारांचा कान आळशी झाला आहे, असा त्या लेखाचा सूर होता. मालिकांतल्या प्रत्येक ताणाच्या प्रसंगाखाली तोच घुमणारा खालचा स्वर आणि प्रत्येक आठवणीखाली तीच काचेची घंटा ऐकू येते, हे लेखकाचे निरीक्षण बरोबर आहे. मीही दूरदर्शन संचापुढे बसून तेच पुटपुटत असतो. मात्र त्यावरून प्रीसेट या गोष्टीलाच दोषी ठरवणे मला मान्य नाही. तक्रार करायचीच असेल, तर ती आपण आवाज एकमेकांना कसे देतो, याविषयी करायला हवी. आवाजाची फाईल हातोहात फिरते, पण तो आवाज कसा बनला, कशासाठी बनला आणि कुठे बिघडतो, हे फाईलबरोबर कोणीच पाठवत नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

मी व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्षक होतो आणि तरुणपणी पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवत असे. त्या काळी आम्ही प्रीसेट हा शब्द वापरत नसू. ‘टोन’ म्हणत असू, किंवा फार झाले तर ‘पॅच’. हा दुसरा शब्द कुठून आला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास बनवलेल्या सिंथेसायझरमध्ये प्रत्येक भाग सुटा असे आणि एका भागातून दुसऱ्यात वायर खोचून आवाज जुळवावा लागे. त्या खोचाखोचीलाच पॅच म्हणत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये असे एक मूग यंत्र आले होते, ही आपल्याकडची फारशी न सांगितली जाणारी हकिगत आहे. वायर काढली की आवाज गेला. पुढे १९७० मध्ये मिनिमूग आला, त्यात वायरी गेल्या आणि बटणे राहिली, तरी स्मरणशक्ती त्याला नव्हतीच. त्यामुळे वादक कागदावर बटणांचे चित्र छापून घेत आणि प्रत्येक बटणाचा काटा कुठे होता, ते पेन्सिलीने आखून ठेवत. हाताने फिरणारा तो कागद हाच पहिला प्रीसेट, असे मी मानतो. १९७८ च्या प्रॉफेट-५ ने चाळीस आवाज स्वतःच्या पोटात ठेवायला सुरुवात केली आणि कागदाची गरज संपली. सोय झाली, पण पेन्सिलीच्या त्या खुणांबरोबर प्रत्येक बटणामागचे कारण पुढच्या माणसाला समजावे लागे, तेही थांबले.

आमच्या ऑर्केस्ट्रात परदेशातून आलेला एक यामाहा डीएक्स-७ होता. १९८३ सालचे ते यंत्र. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर, म्हणजे एका लहरीने दुसरी लहर हलवून आवाज घडवण्यावर, चालणारे. त्यात एका वेळी बत्तीस आवाज मावत आणि प्रत्येक आवाज म्हणजे, दहा अक्षरांचे नाव धरून, १५५ आकडे. दुसऱ्या एका ऑर्केस्ट्रातल्या वादकाकडे एक सुंदर पियानो होता. त्याने तो दिला, पण वहीतून. चौकटीच्या वहीची दोन पाने भरून आकडे, तेही त्याच्या बसच्या प्रवासात लिहिलेले. मी रात्री घरी बसून ते एकेक करून भरले आणि सकाळी पट्टी दाबली तर पियानोऐवजी सर्दी झाल्यासारखा आवाज आला. दोन दिवस शोधल्यावर कळले की तारेचा टणकार देणाऱ्या ऑपरेटरचे, म्हणजे त्यातल्या एका लहरीचे, प्रमाण १४ हवे होते. वहीतला ४ पुसट झाल्यामुळे मी १ भरला होता. या दोन दिवसांत मला एफएम पद्धतीविषयी जे समजले, ते पुढे कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. त्या वादकाने पानाच्या कडेला ‘टणकार जास्त वाटला तर हा कमी कर’ असेही लिहिले होते आणि बाण काढला होता. तो बाण मी पाहिला असता, तर दोन दिवस वाचले असते, हा भाग वेगळा.

आज हे सगळे मुलांच्या लॅपटॉपवर, बहुतेक वेळा फुकट, उपलब्ध आहे. डीएक्स-७ ची हुबेहूब नक्कल करणारे डेक्स्ड हे मुक्त सॉफ्टवेअर त्या काळातली बत्तीस आवाजांची फाईल आजही वाचते. ती फाईल अवघी ४१०४ बाइटची असते, म्हणजे फोनवर काढलेल्या एका फोटोत अशा शेकडो फायली बसतील. सर्ज नावाचा सिंथेसायझर आधी विकत मिळे, २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने त्याचा स्रोत खुला केला आणि आता जगभरचे स्वयंसेवक तो सांभाळतात. व्हायटल २०२० मध्ये आला. त्याची मूळ आवृत्ती विनामूल्य आहे आणि त्याच्या प्रीसेटची फाईल साध्या मजकुराची असल्यामुळे ती उघडून कोणता आकडा काय आहे, हे डोळ्यांनी वाचता येते. साधनांची टंचाई आता राहिलेली नाही. लेखात ज्या आळसाचा उल्लेख आहे, तो या समृद्धीतून आला, असे लेखकाला वाटते. मला वाटते तो वहीची कड गेल्यामुळे आला.

उदाहरण दिल्याशिवाय हे पटणार नाही, म्हणून मी बनवलेला एक आवाज उलगडून सांगतो. माझ्या ओळखीची काही महाविद्यालयीन मुले पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवत होती. एका प्रसंगाखाली त्यांना तंबोरा हवा होता, पण तो तंबोराच वाटायला नको होता. हळूहळू प्रसंग बिघडत जातो तसा तोही बिघडायला हवा होता. ध्वनिमुद्रित तंबोऱ्याची जवारी, म्हणजे त्याचा झणझणता गुंजारव, मधूनच कमी करता येत नाही, म्हणून आम्ही तो सर्जमध्ये मुळापासून बांधायचे ठरवले.

तंबोऱ्याचा आवाज बाकीच्या छेडलेल्या तारांपेक्षा निराळा का, हे आधी पाहावे लागले. साध्या तारेत छेडल्यावर वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे बारीक उंच स्वर, आधी विरतात आणि शेवटी मूळ स्वर उरतो. तंबोऱ्यात तार घोडीच्या किंचित गोलाईवर टेकत-सुटत राहते आणि तारेखाली सरकवलेल्या सुतामुळे ते टेकणे नेमक्या जागी होते. त्यामुळे वरचे उपस्वर छेडल्यानंतर उमलतात आणि बराच वेळ टिकतात. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा निःस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येतो, तो उपस्वर नियमाप्रमाणे ऐकूच येऊ नये. तरीही वीणेत आणि तंबोऱ्यात तो ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडले होते. आम्हाला त्याचे गणित सोडवायचे नव्हते, कानाला फसवायचे होते.

म्हणून आधी करवतीच्या दात्यांसारखी, उपस्वरांनी भरलेली लहर घेतली. ती जशीच्या तशी वाजवली तर डास घोंघावल्यासारखी वाटते. तिच्यावर असा फिल्टर लावला की एका अरुंद पट्ट्यातले उपस्वर पुढे यावेत आणि बाकीचे मागे राहावेत. मग हा पट्टा स्थिर न ठेवता एका एन्व्हलपच्या, म्हणजे वेळेनुसार चढउतार ठरवणाऱ्या आराखड्याच्या, हातात दिला: छेडताच तो अर्ध्या सेकंदात वर जातो आणि पुढची चार-पाच सेकंदे सावकाश खाली उतरत राहतो. हे केले आणि खोलीत बसलेल्या मुलीने मान वर केली. तोपर्यंत ती फोन पाहत होती. आवाजाची सुरुवात एकदम न करता वीस-तीस मिलिसेकंद मऊ ठेवली, कारण तंबोरा नखाने नव्हे, बोटाच्या मांसल भागाने छेडतात. दोन छेडण्या तंतोतंत सारख्या निघाल्या की कान लगेच यंत्र ओळखतो, म्हणून फिल्टरच्या जागेत दर वेळी किंचित, अगदी दोन-तीन टक्क्यांचा, अनियमित फरक पडू दिला.

जोडीच्या तारांची गंमत वेगळीच. दोन तारा तंतोतंत जुळल्या तर आवाज मेल्यासारखा होतो. त्यांच्यात अतिसूक्ष्म अंतर असेल तर तो श्वास घेतो. काळी एकच्या षड्जाची कंपने सेकंदाला सुमारे १३८.६ असतात. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले आणि दुसरी तार पहिलीपेक्षा दोन सेंट चढवली, तर दोन्हींत मिळून साधारण सहा सेकंदांत एक लाट येते. हे अंतर आम्ही एका मॅक्रोला, म्हणजे आपण ठरवू ते बदलणाऱ्या मुठीला, जोडले आणि त्या मॅक्रोला ‘जोडी’ असे नाव दिले. जवारीच्या पट्ट्याच्या मॅक्रोचे नाव ‘सूत’. प्रसंग बिघडायला लागला की ‘जोडी’ दोनवरून बारा सेंटपर्यंत सरकवायची आणि ‘सूत’ काढून घ्यायचे: सहा सेकंदांची शांत लाट सेकंदागणिक येणारी धडधड होते, जवारी विझते आणि तरीही तो तोच तंबोरा राहतो. ज्या मुलाने प्रयोगात हे केले, त्याला सिंथेसायझरचे काही येत नव्हते. पण सूत आणि जोडी हे शब्द त्याला आजोबांमुळे माहीत होते, म्हणून त्याचा हात बरोबर जागी गेला. तिथे त्याला इंग्रजीत ‘फिल्टर कटऑफ’ आणि ‘डिट्यून’ दिसले असते तर तो गोंधळला असता. आवाजाच्या मुठींना आपल्या शब्दांत नावे देणे याला मी भाषाभिमान म्हणत नाही, ती सोय आहे.

हा तंबोरा मी पुढे बऱ्याच जणांना दिला. त्याच काळात बनवलेले एक स्वरमंडळही (गाताना छेडायचे तंतुवाद्य) दिले आणि तिथे माझी फजिती झाली. स्वरमंडळ भूप रागात जुळवलेले होते. पेटीच्या किंवा की-बोर्डच्या पट्टीवरचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो आणि षड्जाशी पाच-चतुर्थांश प्रमाणात मिळणारा गंधार ३८६ वर. हा चौदा सेंटांचा फरक तंबोऱ्यासमोर गाणाऱ्याला टोचतो. म्हणून मी स्वरांची वेगळी सारणी लिहून सर्जमध्ये भरली होती. माझ्या संगणकावर स्वरमंडळ सुरेख लागत होते. एका गायिकेने ते नेले आणि चार दिवसांनी कळवले की गंधार चढा आहे. मी, शिक्षकी सवयीने, आधी तिच्या लॅपटॉपला, मग तिच्या हेडफोनला आणि शेवटी, नाव न घेता, तिच्या कानालाही दोष दिला. मग तिच्या घरी जाऊन ऐकले. गंधार चढाच होता. सारणी आवाजाबरोबर साठवायची असेल तर तसे वेगळे सांगावे लागते आणि मी ते सांगितले नव्हते. तिच्या संगणकावर माझे स्वरमंडळ नेहमीच्या बारा समान स्वरांत वाजत होते. मी दिलेल्या फाईलमध्ये भूप नव्हताच, भूपाचे नाव तेवढे होते. तिची माफी मागितली. तिने चहा दिला आणि ‘निदान सोबत एक ओळ लिहायची होती’ असे म्हणाली. हे पत्र त्या एका ओळीचाच विस्तार आहे, म्हणा ना.

काय लिहावे, याचे मोठे शास्त्र नाही. आवाज कोणत्या सिंथेसायझरच्या कोणत्या आवृत्तीत बनला, हे आधी हवे, कारण नव्या आवृत्तीत साठवलेला आवाज जुन्या आवृत्तीत गेला की काही भाग गप्प बसतात आणि उघडणाऱ्याला वाटते आवाजच टुकार आहे. स्वरांची सारणी वेगळी असेल तर ती सोबत द्यावी. ही फाईल साध्या मजकुराची असते, वर वर्णनाची एक ओळ, खाली स्वरसंख्या आणि मग प्रत्येक स्वरासाठी एक प्रमाण किंवा सेंटचा आकडा, त्यामुळे ती पोस्टकार्डावरसुद्धा लिहून देता येईल. कोणता मॅक्रो आणि कोणते चाक काय करते, हे सांगावे. मी माझ्या मीडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, पिच बेंडचे चाक धरले होते आणि ज्यांना आवाज दिला त्यांतल्या निम्म्यांच्या छोट्या की-बोर्डना ते चाकच नव्हते. आवाज कोणत्या सप्तकात वाजवण्यासाठी आहे, हे तर हमखास राहून जाते. तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला ६९ कंपनांच्या आसपास असतो. लॅपटॉपचा स्पीकर तो जवळजवळ देतच नाही, वरच्या उपस्वरांवरून आपला कान तो भरून काढतो. तोच आवाज सभागृहातल्या मोठ्या स्पीकरवर लावला की खर्ज खरोखर प्रकटतो आणि संवाद बुडतात. तालमीत कोणाच्या लक्षात न आलेली ही गोष्ट प्रयोगात पहिल्या रांगेतल्या परीक्षकांच्या लक्षात आली. आता मी शेऱ्यात लिहितो की सभागृहात खर्ज निम्म्यावर आणावा.

सर्जमध्ये आवाज साठवताना नाव, वर्ग, कर्ता आणि शेरा यांसाठी रकाने समोर येतात. माझ्याकडे लोकांनी दिलेले जे आवाज आहेत, त्यांत शेऱ्याचा रकाना बहुधा रिकामा असतो आणि नावे ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘फायनल’ अशी असतात. परदेशी संचांत शेरा असतो, पण आपल्या वाद्यांचे आवाज ‘एथनिक’ किंवा ‘एक्झॉटिक’ या खणात टाकलेले असतात आणि सतार, सरोद, दिलरुबा यांना मिळून एकच ‘इंडिया’ असते. ती त्यांची समजूत झाली. आपण आपल्या आवाजाला ‘इंडियन पॅड’ का म्हणावे?

याच जागी एक कटू अनुभवही सांगितला पाहिजे. माझा तंबोरा, मी दिल्यानंतर वर्षभराने, शहरातल्या एका दुकानात पेन ड्राइव्हवर मिळणाऱ्या ‘भारतीय वाद्यांच्या’ संचात सापडला. दाम पाचशे रुपये, आवाज दीडशेच्या वर, कर्त्याचे नाव पुसलेले. पैशाचे दुःख नव्हते. मी तो फुकटच दिला होता. पण मॅक्रोंची नावेही काढून टाकली होती. ‘सूत’ आणि ‘जोडी’ जाऊन तिथे एक, दोन, तीन असे आकडे आले होते, त्यामुळे पाचशे रुपये देणाऱ्याला तंबोरा मिळाला, पण त्याची जवारी कमी कशी करायची, ते कळायचा मार्ग गेला. दुकानदार म्हणाला, आम्हालाही असाच मिळाला. त्याचे खोटे असेल असे मला वाटले नाही.

कायद्याचे काय, असे काही वाचक विचारतील. मी वकील नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात सांगीतिक रचना आहे, ध्वनिमुद्रण आहे, संगणक आज्ञावलीही आहे. प्रीसेट हा शब्द नाही. बटणांच्या जागांवर कोणाचा किती हक्क, हा वादाचा प्रश्न आहे आणि जवारी कशी करायची या कल्पनेवर तर कोणाचाच हक्क असू नये, असे माझे मत आहे. मात्र आवाजात कोणाचे ध्वनिमुद्रण वापरले असेल, म्हणजे कोणी खऱ्या सतारीची एक छेड मुद्रित करून आत बसवली असेल, तर ते मुद्रण त्या माणसाचे आहे आणि त्याला विचारल्याशिवाय ते पुढे देऊ नये. यासाठीही शेऱ्यात एक ओळ पुरते: आत मुद्रित नमुना आहे की नाही, असल्यास तो कोणी वाजवला आणि पुढे देण्यास त्याची परवानगी आहे का. क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने आहेत. नावाचा उल्लेख ठेवून कोणीही वापरावे, असे म्हणायचे असेल तर त्यांतला एक निवडून लिहिला की झाले. दुकानदाराला त्याने फरक पडणार नाही, पण प्रामाणिक माणसाला विचारत बसावे लागणार नाही.

आवाजाची कृती सांगितली तर आपली कला गेली, ही भीती आपल्याकडे जुनी आहे. चीज न देणारे उस्ताद आणि मसाल्यातला एक जिन्नस गाळून पाककृती सांगणाऱ्या मावश्या, दोन्ही आपण पाहिले आहेत. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद मलाही झाला. पण जवारी काढणारा हात हा बापाकडून मुलाकडे, शेजारी बसवूनच गेलेला आहे. संगणकावरच्या आवाजाला शेजारी बसण्याची सोय नाही. जो आवाज नेतो, तो कधीकधी दुसऱ्या गावात असतो आणि आपल्याला ओळखतही नसतो. त्याच्या शेजारी शेऱ्याचा रकानाच बसू शकतो.

यंत्राला आपले स्वर येत नाहीत, असे लेखात एका वाक्यात म्हटले आहे. हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, पुस्तिका लिहिली आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप झाला. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले आणि ते १९७१ मध्ये किलकिले केले. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्ष बनवून दाखवली आहे. पेटीत स्वर बदलायचा तर पत्ती घासावी लागते. सिंथेसायझरमध्ये एका ओळीतला आकडा बदलावा लागतो. यंत्राला स्वर येत नाहीत, हे म्हणणे म्हणूनच आता पुरेसे नाही. कोणता आकडा लिहायचा, हे मात्र ज्याला गाता येते त्यानेच सांगायला हवे, आणि गाणारे व आवाज बनवणारे या शहरात एकमेकांशी फार कमी बोलतात.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. एकांकिका स्पर्धांत भाग घेणारे महाविद्यालयीन संघ दरवर्षी नवे आवाज बनवतात. प्रयोग झाला की ते आवाज कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमध्ये पडून राहतात आणि पुढच्या वर्षीचा संघ पुन्हा परदेशी संचातली तीच काचेची घंटा लावतो. प्रत्येक महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाने आपल्या ग्रंथालयात, संहितांच्या कपाटाशेजारी म्हणा, या आवाजांचीही नोंद ठेवावी: फाईल, सारणी आणि अर्ध्या पानाचा मराठी शेरा. शेरा कागदावर छापूनही ठेवावा. सिंथेसायझर बदलतील आणि फायली उघडेनाशा होतील, पण ‘पट्टा अर्ध्या सेकंदात वर, मग पाच सेकंदांत खाली’ हे वाक्य कोणत्याही यंत्रावर पुन्हा लावता येईल. माझे बारा आवाज मी अशा रीतीने एका नाट्यमंडळाला दिले आहेत.

त्यांतले स्वरमंडळ मात्र अजून अपुरे आहे. गंधार दुरुस्त झाल्यावर त्याच गायिकेने धैवताकडे बोट दाखवले आहे. मी तो ८८४ सेंटवर ठेवला होता, त्यामुळे गंधाराशी त्याचा मेळ चोख बसतो. पण स्वरमंडळात सगळ्या तारा एकदम झंकारतात आणि २०४ वरच्या ऋषभाशी तोच धैवत जवळजवळ बावीस सेंट कमी पडतो. तो ९०६ वर नेला की ऋषभ तृप्त होतो आणि गंधार कुरकुरतो. तिला गाताना चढा धैवत बरा वाटतो, मला ऐकताना उतरता. तूर्त दोन्ही सारण्या शेऱ्यासह ठेवल्या आहेत. आपल्या वाचकांपैकी कोणी भूप गाणारे असतील, तर त्यांनी कोणता घेतला आणि का, हे त्याच शेऱ्याखाली लिहावे.

आपला,
एक वाचक
एरंडवणे, पुणे